सत्तावीसचा फरक

टॅब्लेट दोन्ही हातांनी डोक्याच्या उंचीवर धरून फोटो काढणाऱ्या बाईकडे लोक कोणत्या नजरेने पाहतात, हे मी गेल्या जानेवारीत बदामी ते हंपी अशा आठ दिवसांच्या सहलीत पुरेपूर अनुभवले. फोनच्या पडद्यावर मला चष्म्यासहसुद्धा नीट दिसत नाही आणि टॅब्लेटवर देऊळ देवळाएवढे दिसते, हे माझे स्पष्टीकरण ऐकायला मागे रांगेत खोळंबलेल्या मंडळींना वेळ नव्हता. तरीही मी मागे हटले नाही. पुण्याला परतले तेव्हा फोटो आणि व्हिडिओ मिळून १,८४६ ऐवज टॅब्लेटमध्ये जमा झाला होता आणि टॅब्लेट दर तासाला जागा संपत आल्याची सूचना देत होता.

जर्मनीत असलेल्या आमच्या मुलाने या प्रसंगाची तरतूद आधीच करून ठेवली होती. त्याने दिवाळीला पाठवलेला, घरातल्या वायफायवरून फोटो साठवून ठेवणारा काळा ठोकळा टीव्हीच्या कपाटात राउटरशेजारी बसवलेला होता. मुलगा त्याला 'नॅस' म्हणतो. ह्यांना ते 'नस' असे ऐकू येते आणि डॉक्टरांची आठवण होते, म्हणून घरात त्याचे नाव 'डबा' असे पडले. डब्यात चार-चार टीबीच्या, म्हणजे टेराबाइटच्या, दोन डिस्क आहेत. मी चौतीस वर्षे बँकेत काढलेली असल्यामुळे चार आणि चार आठ होतात एवढे मला ठामपणे माहीत आहे. डब्याच्या पडद्यावर मात्र उपलब्ध जागा ३.६ टीबी एवढीच दिसत होती.

मी रात्री मुलाला व्हिडिओ कॉल लावला.

"आई, दोन्ही डिस्कवर तेच लिहिलं जातं. एक बिघडली तरी दुसरीवर सगळं राहतं," तो म्हणाला.

हे मला पटले, कारण व्हाउचरखाली कार्बन घालण्यात आमची पिढी वाढलेली आहे. पण मग चारचे ३.६ कसे झाले, या प्रश्नावर त्याने सांगितले की डिस्क विकणारा हजाराच्या पटीत मोजतो आणि डिस्क वापरणारे यंत्र १,०२४ च्या पटीत मोजते. किलो, मेगा, गिगा असे करत टेरापर्यंत पोहोचताना हा फरक चार वेळा साठत जातो आणि शेवटी नऊ टक्क्यांच्या आसपास भरतो. मुदत ठेवीच्या व्याजावर दहा टक्के टीडीएस कापला जातो तेव्हा मी ग्राहकांना ज्या शांतपणे समजावत असे, त्याच शांतपणे त्याने मला समजावले. मीही ग्राहकांसारखीच मान डोलावली आणि ग्राहकांसारखेच मनातून मानले नाही.

डब्यात शिरण्यासाठी पासवर्ड लागतो. त्यात एक मोठे अक्षर, एक आकडा आणि एक चिन्ह हवे असल्यामुळे तो कोणाच्याच लक्षात राहत नाही, म्हणून ह्यांनी तो स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरावर दुधाच्या हिशेबाशेजारी लिहून ठेवला आहे. पुढे महिना उलटला आणि पान बदलले तेव्हा काय झाले, ते सांगण्यात अर्थ नाही.

पहिल्या दिवशी मी टॅब्लेटवर डब्याचे ॲप उघडले, सगळे फोटो निवडले, पाठवण्याचे बटण दाबले आणि कुकर लावायला गेले. जेवणे उरकून तासाभराने येऊन पाहते तो १,८४६ पैकी ३११ फोटो गेलेले होते आणि पुढचे सगळे जागच्या जागी. मला वाटले, इंटरनेट गेले. मुलगा म्हणाला की यात इंटरनेटचा संबंधच नाही, फोटो घरातल्या घरातच दिवाणखान्यापर्यंत चालले आहेत. पण टॅब्लेटचा पडदा झोपला की बॅटरी वाचावी म्हणून आतले ॲपही झोपवले जाते. पडदा जागा ठेवण्याची सोय सेटिंग्जमध्ये आहे, हे त्याने दुसऱ्या दिवशी सांगितले. त्या रात्री मात्र मी टॅब्लेट मांडीवर घेऊन बसले आणि उतू जाणाऱ्या दुधाकडे पाहावे तशी त्याच्याकडे पाहत दर मिनिटाला पडद्यावर बोट टेकवत राहिले.

या जागरणात एक फाइल दीड जीबीची निघाली. हंपीला तुंगभद्रेत टोपलीसारखी गोल होडी चालते, तिला तिकडे हरिगोलु म्हणतात. तिच्यात बसताना मी फोटो काढण्याऐवजी व्हिडिओचे बटण दाबले होते आणि ते माझ्या गावीही नव्हते. परिणामी नऊ मिनिटे माझ्या चपला, होडीचा विणलेला तळ आणि नावाड्याचा आवाज यांचे अत्यंत उच्च दर्जाचे चित्रण झाले होते. संपूर्ण सहलीतला सर्वांत जड ऐवज हाच. बेडरूमपासून दिवाणखान्यापर्यंत दोन भिंती ओलांडून जायला या चपलांना जितका वेळ लागला, तितक्या वेळात आम्ही प्रत्यक्षात नदीच्या पार गेलो होतो. मुलाने नंतर सांगितले की टॅब्लेट राउटरजवळ नेऊन ५ गिगाहर्ट्झच्या वायफायला जोडला असता तर हे काम कितीतरी लवकर झाले असते; २.४ चे वायफाय भिंतीपलीकडे पोहोचते पण सावकाश चालते आणि ५ चे धावते पण भिंतींपुढे लवकर थकते. एकाच घरात नवराबायकोचे असते, तसेच काहीसे.

दुसऱ्या दिवशी गुरुवार होता. पुण्यातल्या माणसाला गुरुवारचे निराळे वर्णन करून सांगावे लागत नाही; त्या दिवशी पाणी नसते आणि पाण्याच्या सोबतीने बऱ्याचदा वीजही जाते. आमचे पंखे आणि दिवे इन्व्हर्टरवर आहेत, त्यामुळे वीज गेल्याचे आम्हाला कळलेसुद्धा नाही. कळले ते डब्याला आणि राउटरला, कारण ते इन्व्हर्टरवर नाहीत. १,२०४ वर आकडा थांबला. वीज परत आल्यावर डबा सुरू झाला खरा, पण अचानक बंद पडल्यामुळे दोन्ही डिस्क एकमेकींशी जुळतात की नाही हे तो आधी तपासू लागला. ती तपासणी संध्याकाळपर्यंत चालली. शाखेत इन्स्पेक्शन लागले की रोजचे काम जसे अंग चोरून करावे लागते, तसे डब्याचे झाले होते. नुसता घरघरत होता, दाद देत नव्हता.

तपासणी संपली, तरी टॅब्लेटला डबा सापडेना. हा प्रकार माझ्या मते सगळ्यांत बहारीचा आहे. घरातल्या प्रत्येक यंत्राला राउटर एक क्रमांक देतो, तोच त्याचा पत्ता. डब्याचा क्रमांक सात होता आणि टॅब्लेटमध्ये मी तोच लिहिलेला होता. राउटर बंद होऊन पुन्हा सुरू झाला तेव्हा त्याने सगळ्यांना नव्याने क्रमांक वाटले. धर्मशाळेच्या व्यवस्थापकाप्रमाणे जो आधी आला त्याला आधी खोली दिली. डबा उठायला वेळ लावतो, त्यामुळे त्याला बारा क्रमांक मिळाला आणि सात क्रमांकावर ह्यांचा फोन राहायला आला. माझा टॅब्लेट तासभर ह्यांच्या फोनचे दार ठोठावून 'फोटो घ्या, फोटो घ्या' म्हणत होता आणि तो फोन, मालकाच्याच वळणावर गेलेला असल्यामुळे, काही ऐकूच येत नसल्यासारखा स्वस्थ होता. मुलाने दुरून काहीतरी करून डब्याला कायमचा सात क्रमांक लावून दिला. आमच्या आणि त्याच्या घड्याळांत तेव्हा साडेचार तासांचे अंतर होते. तो ऑफिसमधून बोलत होता आणि त्याचा आवाज मीटिंगमध्ये असलेल्या माणसासारखा लहान झाला होता.

शनिवारी सकाळी ॲपने 'काम पूर्ण झाले' असे जाहीर केले. ह्यांनी चहा मागितला. मी म्हटले, आधी टॅली.

टॅब्लेटमध्ये १,८४६. डब्यात १,८१९. फरक सत्तावीसचा.

ज्यांनी बँकेत काम केलेले नाही त्यांना या वाक्याचे गांभीर्य कळणार नाही. पाच रुपयांचा फरक निघाला म्हणून सगळी शाखा रात्री नऊपर्यंत थांबलेली मी पाहिलेली आहे. "स्वतःच्या खिशातले पाच घाला आणि घरी जाऊ द्या," असे एका नवख्याने म्हटल्यावर हेड कॅशियरनी त्याच्याकडे ज्या दृष्टीने पाहिले, त्याच दृष्टीने मी ह्यांच्याकडे पाहिले, कारण हे म्हणाले होते, "१,८१९ गेले ना? मग झालं तर."

फरकाला नऊने भाग जात असेल तर कुठेतरी शेजारचे दोन आकडे उलटसुलट लिहिले गेले आहेत असा संशय घ्यावा, हा आमच्याकडचा पहिला धडा. सत्तावीसला नऊने भागले तर तीन येतात, म्हणजे ज्या दोन अंकांत तीनचे अंतर आहे अशी जोडी शोधायची. एक्केचाळीसचे चौदा झाले की बरोबर सत्तावीस कमी पडतात. १,८४६ मध्ये अशी जोडी नाही. १,८१९ मध्येही नाही. पंधरा मिनिटांनी माझ्या ध्यानात आले की डबा आमच्या क्लार्कसारखा डुलकी लागून ४१ चे १४ लिहीत नाही, त्यामुळे हा नियम त्याला लागू करणे हा त्याच्यावर अन्याय आहे.

मग उरला तो जुना मार्ग. एकाने वाचायचे आणि दुसऱ्याने खूण करायची. डब्यातली यादी टीव्हीवर लावून हे खुर्चीत बसले, मी टॅब्लेट आणि लाल पेन्सिल घेऊन समोर बसले. माझ्या टॅब्लेटवरचे फोटो ३,४१२ या क्रमांकापासून सुरू होऊन ५,२३० पर्यंत जात होते. बदामीची लेणी पार पडली. अगस्त्य तलाव पार पडला. त्याचे एकट्याचे ऐंशी फोटो असल्यामुळे ह्यांना मध्ये एकदा पाणी द्यावे लागले. मग ऐहोळेच्या टेकडीवरचे मेगुती मंदिर आले. तिथे रविकीर्ती नावाच्या कवीने चालुक्य राजा पुलकेशी दुसऱ्याच्या पराक्रमाचे वर्णन करणारा लेख ६३४ साली दगडावर कोरून ठेवला आहे आणि त्यात महाराष्ट्रातल्या ९९,००० गावांचा उल्लेख आहे. पूर्ण लाख न लिहिता हजार कमी लिहिणाऱ्या माणसाविषयी मला बँकेच्या नात्याने आदर वाटतो. मौल्यवान गोष्टीच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन प्रकारच्या माध्यमांवर असाव्यात आणि एक घराबाहेर असावी, असा एक ३-२-१ नियम मुलाने मला सांगितला होता; पीटर क्रोग नावाच्या अमेरिकी छायाचित्रकाराने तो प्रचारात आणला म्हणे. रविकीर्तीची मूळ प्रत एकच, माध्यमही एकच, आणि घराबाहेर म्हणाल तर ती पहिल्या दिवसापासूनच आहे. तेराशे नव्वद वर्षे उलटून गेली, पण ती अजून वाचता येते आणि तिला पासवर्ड लागत नाही.

"तीन नऊ आठ दोन," ह्यांनी वाचले.

"थांबा. माझ्याकडे चार एक दोन सात आहे."

"चार हजार अजून पुढे आहेत. तू पानं उलटू नकोस."

"मी काहीही उलटलेलं नाही. तीन नऊ आठ एकनंतर चार एक दोन सातच आहे."

ह्यांनी यादी पुढे सरकवली. ४,१२७ डब्यात होता, पण तो मेगुतीचा नव्हता. तो हंपीच्या विरूपाक्ष मंदिरातल्या भिंतीचा होता, जिथे एका छोट्या भोकातून येणाऱ्या उजेडामुळे गोपुराची सावली उलटी पडते. ते देऊळ कित्येक शतके स्वतःचा फोटो काढते आहे आणि तो साठवून ठेवण्याच्या भानगडीत पडत नाही, हा त्याचा शहाणपणा. मुद्दा असा की एकाच क्रमांकाचे दोन फोटो होते. मग उलगडा झाला. हंपीच्या मुक्कामात ह्यांनी आपल्या फोनमधले फोटो "एकत्र राहू देत" म्हणून माझ्या टॅब्लेटमध्ये टाकले होते. ह्यांचा फोन आणि माझा टॅब्लेट एकाच घराण्यातले, फोटोंना नावे देण्याची रीत तीच, त्यामुळे ह्यांच्या सत्तावीस फोटोंची नावे माझ्या सत्तावीस फोटोंशी अक्षरशः जुळली. ॲप नव्या फोटोंकडून जुन्याकडे सरकत होते. हंपीचे माझे फोटो त्याने आधी पोहोचवले. नंतर ऐहोळेचे ह्यांचे आले तेव्हा त्याने नाव पाहिले, 'हे गृहस्थ येऊन गेलेत' असे ठरवले आणि त्यांना दारातून परत पाठवले. आमच्या एका शाखेत एकाच नावाचे तीन पाटील होते. एकाची पेन्शन दुसऱ्याच्या खात्यात जमा झाली तेव्हा झालेला गोंधळ मी निस्तरला आहे. खाते क्रमांक न पाहता नावावर विश्वास ठेवणाऱ्याला माफी नसते, मग तो माणूस असो की ॲप.

परत पाठवलेले ते सत्तावीस फोटो मी पहिल्यांदाच नीट पाहिले. प्रत्येकात मी होते. मेगुतीच्या पायऱ्यांवर, दुर्ग मंदिरासमोर, उसाच्या रसाच्या गाड्यापाशी. सत्तावीसपैकी सत्तावीस फोटोंत माझ्या चेहऱ्याच्या जागी टॅब्लेटची काळी पाठ होती आणि तिच्याखाली माझा पंजाबी ड्रेस. एका फोटोत तर टॅब्लेटच्या भिंगावर टेकलेले माझे बोटही स्पष्ट दिसत होते, आणि त्या वेळी काढलेल्या चौदा फोटोंवर गुलाबी ढग का आला होता, हे कोडे सुटले.

"हे काय काढलंत?" मी विचारले.

"तूच दिसत होतीस सगळीकडे," हे म्हणाले. "देवळं त्याच्यामागे होती."

माझ्या १,८१९ मध्ये हे किती आहेत ते मी मोजले. दोन फोटोंत, आणि दोन्ही "जरा बाजूला व्हा" असे मी म्हणायच्या आधीचे.

ॲपच्या सेटिंग्जमध्ये 'नाव सारखे असल्यास दोन्ही ठेवा' असा पर्याय होता. तो निवडला आणि उरलेले सत्तावीस दोन मिनिटांत गेले. टॅब्लेटमध्ये १,८४६, डब्यात १,८४६. मी वहीत तारीख घालून दोन्ही आकडे लिहिले, खाली माझी सही केली आणि 'तपासले' या शब्दासमोर ह्यांची घेतली. ह्यांनी सही करण्यापूर्वी दोन्ही पडदे चष्मा पुसून पुन्हा पाहिले, याचे मला समाधान वाटले.

"आता टॅब्लेटमधले पुसून टाकू ना?" ह्यांनी विचारले.

"मार्च एंडिंग होऊ दे," मी म्हटले.

तेवढ्यात टॅब्लेटने जागा संपत आल्याची सूचना दिली. मी ती शेवटपर्यंत वाचली आणि 'नंतर' या शब्दावर बोट ठेवून चहा ठेवायला उठले.