"खोललं तसं जोडायचं" म्हणे!

एक मेसेज गेल्या पावसाळ्यापासून फिरतोय: "टर्बो गाडीचं इंजिन घरी बांधणं दोन दिवसांचं काम. खोललं तसं जोडायचं, नव्या रिंगा-गॅस्केट टाकायच्या, हेडला जुनेच बोल्ट चालतात. सिंथेटिक ऑइल घातलं की रनिंग-इनची भानगड नाही. गॅरेजवाले लुटतात." (रिंगा म्हणजे पिस्टनवरची कडी, गॅस्केट म्हणजे जोडातली गळती थांबवणारी चकती, हेड म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, रनिंग-इन म्हणजे नव्याने बांधलेलं इंजिन सुरुवातीला ठरावीक पद्धतीने चालवणं.) सिंहगड रोडवरच्या आमच्या पार्किंगमध्ये मी जुन्या ऑक्टाव्हियाचं 1.8 टर्बो इंजिन उतरवून, बांधून परत चढवलंय. त्यामुळे घरी होत नाही, असं मी म्हणणार नाही. पण या मेसेजच्या भरवशावर पाना हातात घेऊ नका.

"खोललं तसं जोडायचं" यातच सगळी गोम आहे. खोलणं-जोडणं ही हमाली. इंजिन बांधणं म्हणजे मापं घेणं. क्रँक, म्हणजे पिस्टनमुळे फिरणारा दांडा, आणि त्याच्या बेअरिंगमध्ये तेलासाठी फट लागते ती साधारण 0.03 ते 0.05 मिमी. ती डोळ्याला दिसत नाही, बोटाला कळत नाही. सिलिंडर गोल राहिलाय की अंडाकृती झालाय, हे आतला व्यास मोजणारा बोअर गेजच सांगतो. माझा ब्लॉक, म्हणजे सिलिंडर असलेला इंजिनाचा मुख्य भाग, आतून आरशासारखा चकचकीत होता, आणि दुखणं तेच होतं. होनिंगच्या, म्हणजे सिलिंडरच्या भिंतीवर मुद्दाम घासून काढलेल्या, तिरक्या रेघा पुसल्या गेल्या की भिंत तेल धरत नाही. तिथे नव्या रिंगा टाकल्या तरी गाडी पूर्वीइतकंच ऑइल खाते. म्हणून ब्लॉक आणि हेड भोसरीला मशीन शॉपमध्ये गेले. आणि हो, ब्लॉक देण्याआधी नवे पिस्टन हातात हवेत. बोअर, म्हणजे सिलिंडरचं भोक, पिस्टनच्या मापाने मारतात, पिस्टन बोअरच्या मापाने आणत नाहीत.

रिंगाही खोक्यातून काढून थेट टाकायच्या नसतात. प्रत्येक रिंग तिच्याच सिलिंडरमध्ये सरळ बसवून टोकांमधली फट फिलर गेजने, म्हणजे मापाच्या पातळ पट्ट्यांनी, बघायची. टर्बोत उष्णता जास्त, रिंग फुगते. टोकं एकमेकांना भिडली की रिंग तरी तुटते, नाहीतर पिस्टनची कड. माझी एक रिंग कमी फटीची निघाली. तिला कानशीने घासण्यात अर्धी दुपार गेली.

जुने बोल्ट? या हेडचे दहाही बोल्ट स्ट्रेच जातीचे. आधी ठरलेल्या टॉर्कवर (पिळाच्या जोरावर), मग आणखी ठरावीक अंश फिरवून आवळताना ते मुद्दाम ताणले जातात. एकदा ताणलेला बोल्ट पुन्हा तसा धरत नाही. दहा बोल्टांचे पैसे वाचवून हेड गॅस्केट उडवायची हौस असेल तर लावा.

दोन दिवसांचं म्हणाल, तर मला तीन महिने लागले. नाना पेठेत मारुतीचा माल लगेच मिळतो, माझ्या बेअरिंगसाठी मात्र सहा आठवडे थांबलो. इंजिन-गिअरबॉक्स मिळून दोनशे किलोच्या घरात. स्लॅबच्या हुकाला चेन पुली अडकवू नका, क्रेन भाड्याने आणा. एसीचा कॉम्प्रेसर मात्र पाइपांसकट सोडवून बाजूला बांधून ठेवता येतो, गॅस सोडावा लागत नाही.

रनिंग-इन ऑइलसाठी नसतंच मुळी. जळणाच्या दाबाने रिंगा नव्या होनिंगवर घासून बसतात, त्यासाठी असतं. आधी प्लग काढून, इंजेक्टरची जोडणी सोडून, ऑइलचा दिवा विझेपर्यंत स्टार्टर थोडा थोडा मारला. मग कात्रज ते शिरवळ फेऱ्या केल्या: चढावर लोड द्यायचा, उताराला गिअरमध्येच पाय काढायचा.

लुटीचं म्हणाल, तर मजुरी खरंच वाचली. त्यातली बरीचशी टॉर्क पान्यात आणि मशीन शॉपच्या बिलात गेली.

मेसेजच्या शेवटी "ब्लॉक गेला तर भंगारातून दुसरा आणा" असंही आहे. इंजिन नंबर ब्लॉकवर असतो आणि आरसीवरही. आणणार असाल तर आधी आरटीओत विचारून या.