इल्लोसो टांको

मी पालिकेत वेल्डर आहे हे कळलं की समोरचा माणूस माझ्याकडे बघायचं सोडून आजूबाजूला काय मोडलंय ते बघायला लागतो. परवा मेहुणीच्या लग्नात पंगतीला बसलो होतो. वाढपी सोलकढी घेऊन आला, वाटी भरली आणि कानाशी वाकून म्हणाला, "आमच्या गेटची बिजागरी सुटलीय हो. दोन मिनिटांचं काम."

गोव्यात १३ नगरपालिका आणि पणजीची एक महानगरपालिका. या चौदांपैकी एकीत मी आहे. कुठल्या ते विचारू नका, पेन्शनला अजून नऊ वर्षं आहेत.

लोकांना वाटतं वेल्डरचं भांडण लोखंडाशी असतं. लोखंड बिचारं सरळ. त्याला वितळायला साधारण १५०० अंश लागतात, तेवढे दिले की ते वितळतं. आमच्या स्टोअरमधून वेल्डिंगच्या रॉडचं पाकीट वितळत नाही. १० नंबरचे रॉड मागितले तर मागणीपत्रावर सही करणारे साहेब रजेवर असतात. साहेब आले की स्टोअरवाला जेवायला गेलेला असतो. शेवटी पाकीट हातात पडतं तेव्हा ते गेल्या पावसाळ्यातलं निघतं. आमच्याकडची हवा म्हणजे काय, पापड तळून ताटात घेईपर्यंत मऊ पडतो. रॉडवरचं कवच त्याच जातीचं, ओल पितं. ओला रॉड चालवला की टाका आंबोळीसारखा जाळीदार येतो. दिसायला सुंदर, पण आंबोळीवरून ट्रक जात नाहीत.

म्हणून मी बाजारातल्या पोदेराशी, म्हणजे पाववाल्याशी, संधान बांधलंय. सकाळचे पाव निघाले की त्याच्या भट्टीच्या माथ्यावर माझे रॉड शेकायला ठेवतो. एकदा त्याच्या नव्या पोरानं उंड्यांच्या टोपलीत चार रॉडही घालून दिले. गिऱ्हाइकानं ते परत आणले नाहीत. कुणाच्या तरी घरी अजून चहाबरोबर वाट बघत असतील.

तर मुद्दा जाळीचा. मासळी बाजाराच्या कोपऱ्यावरची गटाराची जाळी. जाड पट्ट्यांची, उचलायला दोन माणसं लागतात. चोराकडे ती दोन माणसं असतात, आमच्या खात्याकडे नसतात. वर्षभरात दोनदा ती भंगारात गेली. मे महिन्यात, पावसाळ्यापूर्वीच्या कामांची धांदल चाललेली असताना, साहेबांनी मला बोलावलं.

"यंदा जाळी फ्रेमला कायमची वेल्ड करून टाक. चारी बाजूंनी."

"साहेब, मग गटार उपसायचं कसं?"

"ते आरोग्य विभागाचं काम. तू तुझं बघ."

मी माझं बघितलं. जनरेटर आणला, अर्थचा चिमटा लावला, हेल्परला छत्री धरून उभा केला. पाऊस नव्हता. छत्री लोकांना आडोसा म्हणून होती.

"बघू नका," मी मराठीत ओरडलो. मग कोकणीत, मग हिंदीत. एवढ्या भाषांत ओरडतोय म्हणजे नक्की बघण्यासारखं काहीतरी आहे अशी लोकांची खात्री पटली. पोरं बोटांच्या फटीतून बघत होती. एक काका काळा चष्मा घालून मुद्दाम पुढे आले. आमच्या शील्डला ११ नंबरची काच असते, तिच्यातून भर दुपारी समोरचं दुकानही दिसत नाही. काकांचा चष्मा शुक्रवारच्या बाजारातला.

नगरसेवकही आले. त्यांना ठिणग्यांसकट फोटो हवा होता. रॉड पेटवला की ते डोळे मिटत, विझवला की उघडत. अकरा फोटो काढले. अकरातही ते ध्यान लावून बसल्यासारखे दिसतात.

आणि मग मावशी. बांगड्यांची पाटी उतरवून तिनं मोडकी आदोळी, म्हणजे आमच्याकडची विळी, माझ्यापुढे धरली. पातं बुडाशी तुटलेलं. "इल्लोसो टांको मार रे पुता." एवढासा टाका, बस्स.

आता हे तिला कसं सांगायचं? जाळी साध्या लोखंडाची, ती टाका मुकाट्यानं घेते. आदोळीचं पातं कडक पोलादाचं. साध्या रॉडनं टाका बसतो, पण गार होताना टाक्याच्या शेजारीच बारीक केसाएवढी चीर पडते आणि आठ दिवसांनी 'टक्' असा आवाज येतो. मी सगळं समजावलं. मावशीनं शांतपणे ऐकून घेतलं आणि सहा बांगडे वर्तमानपत्रात बांधायला घेतले. मी टाका मारला. माणूस पोलादाचा थोडाच असतो!

पण बांगड्यांच्या नादात पहिला ठिपका शील्ड न धरताच मारला होता. गंमत अशी की तेव्हा काहीच होत नाही. डोळ्यांत वाळू पडते ती रात्री, सगळं घर झोपल्यावर. लालबुंद डोळ्यांतून पाणी गाळत, भिंतीला धरून धरून मी मोरीकडे निघालो आणि बायकोनं दिवा लावला. मे महिना, म्हणजे उर्राकाचा, काजूच्या दारूचा, मोसम अजून संपलेला नव्हता.

"किती घेतलास?"

"अगं, वेल्डिंग लागलंय डोळ्यांना."

"काल जॉर्जही त्याच्या बायकोला हेच सांगत होता. आणि तो सुतार आहे."

तरी तिनं डोळ्यांवर बटाट्याचे काप ठेवले, माझं तोंड हुंगून झाल्यावर. सकाळी डॉक्टरांनी थेंब दिले आणि बटाटा भाजीत घालायला सांगितला. दवाखान्यात माझ्या पुढच्या नंबरावर ते काळ्या चष्म्याचे काका होते. एकमेकांना आम्ही आवाजावरून ओळखलं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात पाऊस आला. आमच्याकडे वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पडतो, त्यातला बराचसा त्या दिवशी मासळी बाजाराच्या कोपऱ्यावर पडला असावा. जाळीवर प्लास्टिकच्या पिशव्या, नारळाची किशी, शहाळी यांची, चवथीला गणपतीवर बांधतात तशी, माटोळी सजली होती. गटार आतून तुंबलेलं. आरोग्य विभागाची माणसं फावडी घेऊन गुडघाभर पाण्यात उभी.

"कोणी रे ही वेल्ड केली?"

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. इतक्या वर्षांच्या नोकरीत माझ्या कामाची एवढी दखल पहिल्यांदाच घेतली गेली.

साहेबांचा फोन आला. "जाळी काप."

"साहेब, पाण्यात उभं राहून ग्राइंडर चालवला तर माझाही फोटो पेपरात येईल. हार घातलेला."

"मग पाणी ओसरल्यावर काप."

"ओसरायला जाळी उघडावी लागेल."

पलीकडे बराच वेळ शांतता. मग, "बघ काय ते," आणि फोन बंद.

शेवटी पहारी आल्या. सहा माणसं एका बाजूला लटकली. मी देवाचं नाव घेतलं, पण सुटावी म्हणून की सुटू नये म्हणून, खरंच सांगता येत नाही. कडाड आवाज झाला आणि जाळी वर आली, फ्रेमसकट. माझा टाका जसाच्या तसा होता, कंत्राटदाराचं काँक्रीट फुटलं होतं. मी वाकून चारी बाजू बोटानं तपासल्या. एक भोक नाही. भट्टीवर शेकलेले रॉड! पाणी घोंघावत गटारात जात होतं, सगळे तिकडे बघत होते. टाक्याकडे बघणारा मी एकटा.

फ्रेमसकट जाळी फुटपाथवर टेकवून ठेवली. उचलून यार्डात न्यायची तर साहेबांची सही हवी, साहेब मीटिंगमध्ये. दुसऱ्या दिवशी सकाळी मी चिठ्ठी घेऊन पोचलो, तर फुटपाथ मोकळा. फ्रेमसकट नेली. या वेळी चार माणसं लागली असणार.

मी गटाराच्या उघड्या तोंडापाशी उभा राहून भोवती काठ्या रोवत होतो. मागून पाटी उतरवल्याचा आवाज आला.

"जाळी व्हेली मरे?" मावशीनं विचारलं. "बरें जालें. आतां तुका वेळ आसा." आणि पदराखालून तिनं आदोळी काढली.