साम्रदला साहस विकायचंय? एवढं कराच

गाव शोधत बसू नका. अकोले तालुक्यातलं साम्रद घ्या. सांदण दरी तयारच आहे, शेजारी रतनगड, भंडारदराही जवळ. ग्रामसभेत जायची गरज नाही; पोस्टरवर 'स्थानिकांच्या सक्षमीकरणासाठी' छापलं की ग्रामसभा झालीच. राज्याने 2021 मध्ये साहसी पर्यटन धोरण आणून नोंदणी मागितली आहे, तेव्हा 'प्रोसेसमध्ये आहे' हे उत्तर पाठ करून ठेवा.

माणशी 1500 लावा. त्यातले 150 पिठलं-भाकरी करणाऱ्या मावशींना, तेही 'सोमवारी गूगल पे करतो' म्हणून. गावात रेंज धड नसते, तक्रारही पोचत नाही. वाटाड्याला चाळीस जणांचे मिळून 500. लीडर मात्र पुण्याहून आणा, दोनदा दरी उतरलेला असला की झालं.

आता कडा उतरायचा दोर. 10.5 मिमीचा एकच घ्या, बिलेचा, म्हणजे माणूस घसरला तर धरून ठेवणारा दुसरा दोर, म्हणजे नुसतं ओझं. कातळात ठोकलेल्या एकाच बोल्टला बांधा. दोन बोल्टांवर भार वाटला तर एक उपटूनही माणूस शाबूत राहतो, मग थरार कसला? कड्याच्या काठावर दोराखाली गोणपाट घालू नका. कातळाची धार वरचं आवरण कुरतडते आणि आतला पांढरा गाभा डोकावू लागतो. फोटोत शोभून दिसतो. ओढण्या, मोकळे केस बांधायला सांगू नका. उतरताना दोर ज्यातून सरकतो त्या डिसेंडरमध्ये अडकले की माणूस अधांतरी लटकतो आणि त्याला सोडवायला लागतो दुसरा दोर. तोच, जो ओझं म्हणून घरी राहिला.

हेल्मेटं निम्म्यांना पुरे. वरच्याच्या पायाने सुटलेला दगड खालच्याला लागेलच असं थोडंच आहे!

'भर पावसात सांदण' ही बॅच हमखास भरते. ती घळ आहे; वरच्या डोंगरावर सर कोसळली की खाली ऊन असतानाही पाणी घुसतं आणि दोन्ही बाजूंना उभी भिंत. गावातला म्हातारबा म्हणेल, "सायेब, वर काळं झालंय, आज नको." त्याला निगेटिव्ह म्हणा आणि पुढे चला.

एवढं करून कोणाचा पाय मोडलाच, तर घाबरू नका. झोळी करून दरीतून वर आणायला सहा-आठ जण आळीपाळीने लागतात. ते गावातच मिळतात, फुकट, ताटावरून उठून येतात. अहवालात त्याला 'स्थानिकांचा उत्स्फूर्त सहभाग' म्हणायचं.