गारठलेल्या पिल्लाला आधी ऊब द्या

पाऊस सुरू झाला आणि घोडबंदर रोडवरच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरू लागलाय : ‘घरट्यातून पडलेल्या पिल्लाला शेक देऊ नका. पक्षी उष्ण रक्ताचे असतात. थंडी वाजली की थायरॉईड लगेच हार्मोन सोडतं, अंग आपोआप तापतं. तान्ह्या बाळासारखी खास चरबीही त्यांना असते. फक्त कोमट दूध पाजा.’ हे वाचून कुणी खरंच तसं वागलं तर पिल्लू दगावेल, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

उष्ण रक्त? मोठ्या बुलबुलाचं, हो. पण बाल्कनीतल्या कुंडीत नुकतंच अंड्यातून निघालेलं पिल्लू उघडंवाघडं, डोळे मिटलेलं असतं. आईबाप उठून गेले की त्याचं अंग हवेबरोबर गार होत जातं. कोंबडीचं पिल्लू तर अंगावर लव घेऊनच जन्मतं, तरी पोल्ट्रीवाले पहिल्या आठवड्यात ब्रूडरखाली (ऊब देणाऱ्या दिव्याखाली) ३२ ते ३५ अंश राखतात.

खरी गफलत ‘लगेच’ या शब्दात आहे. गारवा जाणवला की मेंदूतला हायपोथॅलॅमस पिट्युटरी ग्रंथीला कळवतो, ती थायरॉईडला. थायरॉईडमधून येतो तो मुख्यतः टी-४ नावाचा हार्मोन. यकृतासारख्या अवयवांत त्यातला आयोडीनचा एक अणू निघाला की टी-३ होतो, आणि खरं काम त्याचं. तो पेशीच्या केंद्रकात शिरून जनुकांना कामाला लावतो, स्नायूंची उष्णता निर्माण करण्याची ताकद वाढवतो. ही बांधणी मिनिटांत उरकत नाही, तिला दिवस लागतात. कोंबडीच्या पिल्लात टी-३ अंडं फुटायच्या सुमारासच झपाट्याने चढतो. बुलबुल, चिमणी, साळुंकीच्या पिल्लांत जन्मानंतर, हळूहळू. त्या घडीची ऊब येते ती छातीच्या आणि पायांच्या स्नायूंच्या थरथरीतून, आणि तो हुकूम मज्जातंतूंचा. दोन दिवसांच्या पिल्लाच्या छातीत थरथरायला पुरेसा स्नायूच नसतो. मग हार्मोनने काम करायचं कशावर?

बाळाची ती खास, उष्णता निर्माण करणारी तपकिरी चरबी पक्ष्यांत नसतेच. बदकाची पिल्लं न थरथरताही स्नायूंत उष्णता निर्माण करू शकतात, ग्लुकागॉन हे हार्मोनही त्यांची उष्णता वाढवतं, हे प्रयोगांत दिसलंय. पण त्यासाठी ती आधी काही आठवडे थंडीत वाढवलेली होती.

दूध मुळीच नको. पक्ष्यांना ते पचत नाही, आणि श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या मुळाशीच असल्याने थेंब सरळ आत जातो. गार अंगात पचनही मंदावलेलं असतं, त्यामुळे भरवण्याची घाई करू नका. पिल्लू अलगद टिपून कोरडं करा. खोक्यात मऊ कापड घाला, कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवा. अंग उबदार झालं आणि घरटं हाताशी असलं तर परत ठेवा. माणसाचा हात लागला म्हणून आई पिल्लू टाकत नाही. घरटं सापडलं नाही तर वनविभागाच्या १९२६ वर फोन करा. पिसं फुटलेलं, कोरडं, टुणटुण उड्या मारणारं पिल्लू मात्र उचलू नका, मांजर तेवढं लांब ठेवा; त्याचे आईबाप जवळच असतात.