परदेशातून: ‘दाडी’ मागणारा मुलगा

माझा चार वर्षांचा मुलगा व्हिडिओ कॉलवर ‘गाडी’ला ‘दाडी’ म्हणायचा. मायदेशी आजोबा हनुवटी कुरवाळायचे आणि अख्खं घर हसायचं. ‘परत म्हण रे!’ तो दोनदा म्हणायचा, मग फोन उलटा टाकून निघून जायचा. शेरा ठरलेला: बोबडा गोड आहे, पण हट्टी फार.

माझं भांडण त्या ‘पण’शी आहे. इकडच्या बालवाडीत तो एका मुलाला चावला. कार मागताना तोंडातून ‘टार’ निघत होतं. दोनदा सांगूनही समोरच्याला कळेना. तिसऱ्यांदा दात लागले. तक्रार आली ती फक्त चावण्याची.

त्याच्या उच्चारांसाठी स्पीच थेरपी सुरू केल्यावर घरून ऐकलं, ‘तुम्हाला तिकडे प्रत्येक गोष्टीला तज्ज्ञ लागतो. तुझे बाबाही उशिराच बोलले.’ पण हा उशिरा बोललाच नव्हता. शब्द भरपूर होते, फक्त ‘क-ग’च्या जागी ‘ट-द’ यायचे. जिभेचा मागचा भाग उचलायचा, तिथे हा पुढचा उचलायचा. लहान मुलं असं करतातच. बहुतेकांचं साडेतीन-चारपर्यंत सुटतं. २०१८ साली २७ भाषांमधल्या अभ्यासांचा आढावा निघाला, त्यानुसार पाच वर्षांची मुलं सरासरी ९३ टक्के व्यंजनं बरोबर उच्चारतात. ‘र’ उशिरा आला तर मी घाबरणार नाही. पण चार वर्षांच्या मुलाचं बोलणं परक्याला कळतच नसेल, तर ‘बोलेल हळूहळू’ म्हणत बसू नये. आधी कान तपासून घ्यावेत.

इकडचे सगळे शहाणे, असंही नाही. बालवाडीतून सल्ला आला: घरी मराठी बंद करा. मायदेशातल्या एका मावशीनेही तेच सुचवलं. (एरवी या दोघींचं कशावरच एकमत झालं नसतं.) थेरपिस्टने मात्र दोन्ही भाषांतले शब्द त्याच्याकडून म्हणवून घेतले. चूक दोन्हीकडे तीच निघाली. दोन भाषांनी असा दोष होत नाही. मराठी बंद केली असती तर आजीशी बोलणं तेवढं तुटलं असतं.

‘ग’ अजून अधूनमधून निसटतो. चावणं थांबलंय. आजी हल्ली ‘परत म्हण’ म्हणत नाही. ‘कुठली रे, दाखव बघू,’ म्हणते, आणि तो गाडी आणायला पळतो.