बादशहा लढाईला निघालेलाच नाही

अबलख घोड्यावर चीनचा बादशहा छियेनलुंग, अंगात पिवळं चिलखत, कमरेला तिरकमठा. या चित्राचं ढकलपत्र पुन्हा फिरतंय: ‘बादशहा लढाईला निघाला तो क्षण. चिन्यांना घोडा काढता येत नव्हता, इटालियन चित्रकाराने शिकवला. कॅमेऱ्याआधीचा हा फोटोच, एकाच माणसाची कमाल!’

लढाईचं आधी. हा बादशहा रणांगणावर कधी गेलाच नाही. आजोबा खांग्शी 1696 मध्ये स्वतः मंगोलियाच्या मोहिमेवर गेले होते. नातवाच्या मोहिमा सरदारांनी लढल्या. चित्रातला प्रसंग आहे बीजिंगच्या दक्षिणेला नान्युआनच्या शाही शिकारवनात होणाऱ्या सैन्याच्या पाहणीचा. म्हणजे संचलन. ते 1739 चं की 1758 चं, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. समारंभ होता यावर आहे. बादशहाचं पाहणीचं चिलखत बीजिंगच्या राजवाडा संग्रहालयात आहे: पिवळं साटिन, त्यावर जरीचे ड्रॅगन, आत कापूस. शिरस्त्राणावर सोनेरी संस्कृत अक्षरं आहेत, बौद्ध मंत्रांची. हे मात्र कोणी फॉरवर्ड करत नाही!

आता घोडा. हा दावा सगळ्यात पोकळ. आठव्या शतकात चीनच्या थांग घराण्याच्या दरबारातल्या हान गान या चित्रकाराने बादशहाचा पांढरा घोडा काढला. खुंटाला बांधलेला, मान वर फेकलेली, नाकपुड्या फुललेल्या, खूर जमिनीवर ठरत नाहीत. जेमतेम फूटभर कागद, जवळपास नुसती शाई. आता तो न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. भोवती मालकांचे शिक्के आणि शेरे इतके, की जुना सातबारा वाटावा. ढकलपत्रातला ‘शिक्षक’, म्हणजे या चित्राचा इटालियन चित्रकार कास्तिल्योने, मिलानमध्ये जन्मला 1688 साली, म्हणजे नऊशेहून जास्त वर्षांनी.

त्याचं श्रेय नाकारायचं नाही. घोड्याच्या अंगाची गोलाई, कातडीवरची चमक ही त्याचीच. पण 1715 मध्ये चीनला आल्यावर तोही शिकला: रेशमावर चुकलेली रेघ पुसता येत नाही. आणि दरबाराला चेहऱ्यावर अर्धी सावली खपत नसे, म्हणून बादशहाचा चेहरा समोरून उजळलेला, सपाट. फोटोत असं होत नाही.

‘एकाच माणसाची कमाल’ हेही दरबारी चित्रांना सहसा लागू पडत नाही. 1754 मध्ये छंगद इथे, म्हणजे बादशहाच्या उन्हाळी मुक्कामी, शरण आलेल्या मंगोल सरदारांपुढे घोडेस्वारांनी कसरती केल्या. त्या प्रसंगाच्या भल्या मोठ्या चित्रावर कास्तिल्योनेबरोबर आणखी युरोपीय आणि चिनी हात चालले. त्यातही स्वार घोड्यांवर उभे राहून कसरती करताहेत आणि बादशहा आपल्या लवाजम्यासह बघतोय.