जीवशास्त्र आवडतं? वेळीच उपाय करा

बडोद्यात कालाघोड्याच्या पुलावर गाडी थांबवून खाली विश्वामित्री नदीत डोकावायची सवय तुम्हाला असेल, आणि मगर दिसल्यावर फोटो काढून पुढे जाण्याऐवजी 'ही तोंड उघडं टाकून का पडलीय?' असा प्रश्न पडत असेल, तर लक्षणं बरी नाहीत. धडधाकट बडोदेकराला मगर दिसली की महापालिका आठवते. ऑगस्ट 2024 चा पूर आठवतो, सोसायट्यांमध्ये शिरलेल्या मगरी आठवतात, आणि तो दोन शिव्या हासडून ऑफिसला जातो. तुम्हाला मात्र तिची अंडी आठवतात. हा जीवशास्त्राचा संसर्ग आहे. दहावीपर्यंत तो अंगावर काढता येतो. अकरावीला ग्रुप निवडायची वेळ आली की घरच्यांना कळतं, आणि मग धावपळ होते.

घाबरू नका. दांडिया बाजारापासून रावपुऱ्यापर्यंत आपल्या मराठी घरांनी असे कितीतरी रोगी बरे केलेले आहेत. ते आज बँकेत आहेत, शनिवारी दुर्बीण पुसून ठेवतात आणि कुणाला त्रास देत नाहीत.

पहिला उपाय सरकारनेच करून ठेवला आहे. गुजरात बोर्डात ए ग्रुप म्हणजे गणित, बी ग्रुप म्हणजे जीवशास्त्र, आणि एबी ग्रुप म्हणजे आई-बाबांचं एकमत न होणं. एबी घेतला की गणितही रगडायचं, जीवशास्त्रही रगडायचं, आणि निर्णय दोन वर्षं पुढे ढकलायचा. आपल्या घराण्यांना ही विद्या नवी नाही. वाड्याच्या वाटण्या आजोबांच्या काळापासून व्हायच्या आहेत, मग तुमच्या ग्रुपनेच काय घोडं मारलंय?

दुसरं, सल्ला कुणाचा घ्यायचा हे नीट समजून घ्या. चुकूनही जीवशास्त्र शिकलेल्या माणसाला विचारू नका. तो खरं सांगेल. प्रयोगशाळेत काय चालतं, कोणत्या विषयाला आज मागणी आहे, एमएस्सीनंतर किती वर्षं हातात काही पडत नाही, आणि तरीही सकाळी उठून जावंसं का वाटतं, असलं काहीबाही तो बोलत बसेल आणि तुमचा गोंधळ वाढेल. सल्ला घ्यायचा तो काकांचा.

काका रविवारी सकाळी येतात. येताना सेव-उसळ बांधून आणतात, म्हणजे पुढचे दोन तास त्यांना कुणी उठवू शकत नाही. आधी ते उसळीवर तिखट तरी ओततात, मग सेव टाकतात, ती मऊ पडायच्या आत हिरवी पात पसरतात, लिंबाची बी बोटाने अलगद बाजूला काढतात, आणि पावाचा पहिला तुकडा बुडवताना विचारतात, "काय मग, कशात जायचं ठरवलंस?"

तुम्ही म्हणता, "काका, मला झूऑलॉजी आवडतं."

"आवड काय रे, आवड लग्नानंतरही लागते. नोकरीचं बोल."

इथे तुम्ही गप्प बसायचं असतं. पण तुम्ही नवखे, म्हणून विचारता, "सुरक्षित नोकरी म्हणजे कुठली?"

हा प्रश्न विचारू नये. काकांचं अर्थशास्त्र 1970 च्या आसपास पक्कं झालेलं आहे आणि त्या काळच्या हिशेबाने ते बरोबरही होतं. बडोद्याच्या वेशीवर 1962 मध्ये खत कारखान्याची कंपनी उभी राहिली, 1965 मध्ये कोयलीची रिफायनरी सुरू झाली, 1969 मध्ये पेट्रोकेमिकलवाली आयपीसीएल आली. कंपनीत चिकटला की मुलगा मार्गी लागला, क्वार्टर मिळालं, कंपनीची बस दाराशी, दिवाळीला बोनस, आणि मुलीकडचे स्वतःहून पत्रिका घेऊन यायचे. त्यातली आयपीसीएल सरकारी होती, म्हणजे सूर्य-चंद्र असेतो राहणार होती. 2002 मध्ये ती रिलायन्सकडे गेली. ही गोष्ट काकांना ठाऊक आहे. पण सेव मऊ पडत असताना ती काढू नका.

सरकारी नोकरीबद्दलही तेच. गुजरातेत सरकारी नोकरी लागली की पहिली पाच वर्षं 'फिक्स पगारा'वर काढायची, मग पूर्ण वेतनश्रेणी. जीवशास्त्राचा मास्तर व्हायचं म्हणाल, तर शिक्षकांची टाट ही परीक्षा पास झाल्यावर 2023 पासून 'ज्ञान सहायक' नावाचं पद आहे, करार 11 महिन्यांचा. बाराव्या महिन्यात ज्ञान कुठे जातं हे परिपत्रकात पाहावं लागेल. तरीही काका 'पर्मनंट' हा शब्द असा उच्चारतात की ऐकणाऱ्याने नकळत हात जोडावेत. तुम्ही जोडा. श्रद्धेत तर्क आणू नये, नाहीतर नास्तिक म्हणून गाजाल आणि वर झूऑलॉजीवाले.

आता मधला मार्ग. जीवशास्त्र आवडतं असं तोंडातून निघून गेलंच असेल, तर आत्या टाळी वाजवून म्हणेल, "अगंबाई, मग डॉक्टर हो ना!" आपल्याकडे जीवशास्त्र हा विषय नसून तो नीटच्या परीक्षेचा अर्धा पेपर आहे: 720 पैकी 360 गुण. 2024 मध्ये ती परीक्षा 23 लाखांहून जास्त मुलांनी दिली, आणि देशभरात एमबीबीएसच्या जागा तेव्हा होत्या लाखाच्या थोड्या वर. बाकीच्यांनी ड्रॉप घ्यायचा, म्हणजे वर्षभर घरी बसून पुन्हा तीच परीक्षा. एक ड्रॉप घेतला तर मुलगा कष्टाळू, दोन घेतले तर जिद्दी, तिसऱ्याला शेजारी पडदा बाजूला सारून बघायला लागतात.

या मार्गाचा खरा फायदा वेगळाच आहे. जीवशास्त्राची आवड मारायला याच्याइतका रामबाण इलाज नाही. यात बेडूक बघायचा नसतो, बेडकाचा धडा पाठ करायचा असतो. एनसीईआरटीचं पुस्तक ओळ न् ओळ, चित्राखालच्या मजकुरासकट. पावसाळ्यात अंगणात खरा बेडूक ओरडायला लागला तर खिडकी लावून घ्यायची, कारण तो अभ्यासात व्यत्यय आणतो आणि त्याच्यावर प्रश्न येत नाही. अशा दोन वर्षांनंतर कितीही जित्याजागत्या मुलाला जीवशास्त्राचं नाव काढलं की मळमळतं, आणि तो स्वतःच कॉम्प्युटरला जाऊ द्या म्हणून विनवतो. घरात पेढे वाटतात.

मूळ दोष द्यायचा तर तो थेट सयाजीराव महाराजांनाच द्यावा लागेल. त्यांनी 1906 मध्ये राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, पण शिकून कुठे चिकटायचं याचं हुजूर फर्मान काढलं नाही. त्याआधी 1894 मध्ये कमाटीबागेत संग्रहालय उभं राहिलं, आणि पुढे त्यात निळ्या देवमाशाचा आख्खा सांगाडा आला, 1944 मध्ये मही नदीच्या मुखात वाहून आलेल्या माशाचा. आता पाच वर्षांच्या पोराला सुट्टीत त्या सांगाड्याखाली उभं केलंत, तर ते मोठं होऊन जीएसटीची विवरणपत्रं भरेल ही अपेक्षा कशी करता? सुज्ञ पालक मुलांना बागेत फक्त छोट्या आगगाडीपुरतं नेतात.

एका माणसाचं नाव मात्र मुलांसमोर अजिबात काढू नका. वेंकटरामन रामकृष्णन. बडोद्यात वाढले, आई-वडील दोघंही शास्त्रज्ञ, वडील इथल्याच विद्यापीठात बायोकेमिस्ट्रीचे प्रमुख. मुलाने डॉक्टर व्हावं अशी वडिलांची इच्छा, आणि मेडिकलला प्रवेश मिळालेलासुद्धा! बडोद्यात मेडिकलची सीट हातात असलेला मुलगा म्हणजे काय, हे ज्याच्या घरात तो आहे त्यालाच विचारा. पण या मुलाने वडिलांशी सौदा केला: नॅशनल सायन्स टॅलेंटची शिष्यवृत्ती मिळाली तर मूलभूत विज्ञान शिकू द्यायचं. मिळाली. सीट सोडून तो एमएस युनिव्हर्सिटीत बीएस्सीला बसला, तेही फिजिक्सला. 1971 मध्ये पदवी, मग अमेरिकेत 1976 मध्ये फिजिक्सचीच पीएचडी. एवढं झाल्यावर माणूस शहाणा होतो. हे गृहस्थ सॅन डिएगोला जाऊन पुन्हा विद्यार्थी झाले आणि जीवशास्त्र पहिल्यापासून शिकायला लागले. पुढे प्राध्यापकीसाठी सुमारे 50 विद्यापीठांकडे अर्ज केले, कुणी घेतलं नाही. म्हणजे काकांचं म्हणणं तंतोतंत खरं ठरलं होतं. गोष्ट तिथेच संपवली असती तर मुलांना सांगण्यासारखी होती. पण ते रायबोसोमच्या मागे लागले, पेशीत प्रथिनं जिथे तयार होतात त्या यंत्राची रचना उलगडली, आणि 2009 मध्ये नोबेल मिळवलं, रसायनशास्त्राचं! पदवी भौतिकशास्त्राची, काम जीवशास्त्राचं, पारितोषिक रसायनशास्त्राचं. या माणसाला आयुष्यभर ग्रुप निवडता आला नाही.

काकांना हे सांगितलं तर ते शांतपणे म्हणतात, "शेवटी फॉरेनलाच गेला ना?"

त्यावर उत्तर नाही, आणि शोधूही नये.

तर इतकं करूनही आवड गेलीच नाही, आणि आपण चोरून बीएस्सीचा फॉर्म भरलाच, तर पुढचा रस्ता साधारण असा. बीएस्सीची तीन किंवा आता चार वर्षं, एमएस्सी, मग नेट नावाची पात्रता परीक्षा. ज्युनियर रिसर्च फेलोशिप लागली तर महिन्याला 37,000 रुपये आणि घरभाडं, पण ते वेळेवर येतं की नाही हा वेगळा संशोधनाचा विषय. त्यापुढे पीएचडीची पाच-सहा वर्षं. या काळात वधू-वर मेळाव्यात 'मुलगा काय करतो?' या रकान्यात 'शिकतो' असं लिहावं लागतं, वय 29. तिथे आईचा चेहरा बघवत नाही, हे मी उपरोधाने म्हणत नाही.

इथेच राहायचं असेल तर औषध कंपन्या आहेत. गुणवत्ता तपासणीत बसा, नाहीतर बॅग घेऊन डॉक्टरांच्या दाराशी. अलेंबिक 1907 मध्ये सुरू झाली ती टिंक्चर आणि अल्कोहोल बनवायला, आणि सुरू करणाऱ्यांत गज्जर आणि कोटीभास्कर असे दोन प्राध्यापक होते. प्राध्यापकांनी कारखाना काढायचा आणि पुढे शंभर वर्षांनी त्यांच्या विषयात नोकरी नाही म्हणून मुलांना घाबरवायचं, अशी ही आपली परंपरा. बायोकेमिस्ट्री, मायक्रोबायोलॉजीवाल्यांना त्यातल्या त्यात बरे दिवस आहेत. पक्षी, बेडूक, मगर यांच्या मागे जाणाऱ्यांनी मात्र घरचं घर आहे ना, एवढं आधी पाहावं. बडोद्यात मगर पकडायला मध्यरात्री ज्या पोरांना फोन जातो, त्यांतले बरेच स्वयंसेवक. पगार नाही, पण अख्खी सोसायटी बाल्कनीतून सूचना देते.

आणि जंगलात जायचं असेल तर प्राणिशास्त्र घ्यायलाच हवं असं कुणी सांगितलं? भारतीय वन सेवेला इंजिनिअरिंगची पदवीही चालते. तेव्हा वाघ वाचवायचा असेल तर मेकॅनिकल करा. सलीम अली यांना पक्ष्यांबद्दल किती कळत होतं हे सांगायला नको, पण विद्यापीठाची रीतसर पदवी नाही म्हणून भारतीय प्राणी सर्वेक्षण विभागाने त्यांना पक्षितज्ज्ञाची जागा दिली नव्हती. नियम म्हणजे नियम.

जेवताना शास्त्रीय माहिती देण्याचा मोह टाळा. मगरीच्या अंड्यातून नर निघणार की मादी हे घरट्याच्या तापमानावर ठरतं, साधारण साडेबत्तीस अंशांच्या आसपास बहुतेक नर, त्याहून बरंच कमी किंवा जास्त झालं की माद्या, हे तुम्ही वरण वाढून घेताना सांगितलंत तर आत्या म्हणेल, "आमच्या वेळी असलं काही नव्हतं."

शेवटी लग्नाचा हॉल. तिथे तुम्हाला गाठून विचारतातच, "सध्या काय?" झूऑलॉजी म्हणू नका, समोरचा तुमच्या खांद्यावर हात ठेवेल. बॉटनी तर मुळीच नाही, कारण त्याच्या गच्चीवरची तुळस का सुकतेय ते लगेच विचारेल. 'लाइफ सायन्सेस' म्हणा. 'बायोटेक' त्याहून बरं, त्यात टेक आहे. सगळ्यांत उत्तम 'बायोइन्फॉर्मॅटिक्स', कारण त्यात कॉम्प्युटर असल्याचा वास येतो आणि ते पुन्हा उच्चारायची कुणाची हिंमत होत नाही. समोरचा मान डोलावेल, "वा, स्कोप आहे हं," म्हणेल, आणि मग थोडं जवळ येऊन आवाज खाली आणून विचारेल, "पॅकेज किती?"

इथे काही सुचणार नाही. सुचू देऊही नका. सरळ पंगतीकडे वळा, नाहीतर मठ्ठा संपेल.